तंबूचा पडदा बुटाच्या लेसने बांधणाऱ्या ताईला

ताई,

नाव विचारायचं राहूनच गेलं बघ. तुझ्या जॅकेटवर मागे नुसतं 'प्रथमोपचार' लिहिलेलं होतं आणि पुढे जिथे नावाचा बिल्ला असतो तिथे तू कात्री अडकवली होतीस, म्हणून ताई. वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, पण त्या रात्री मी तुझ्यासमोर जी काही हमसून हमसून रडले त्यानंतर मोठेपणा सांगायला मला तोंड नाही. आठ दिवस झाले, रोज लिहायला बसते आणि रोज डोळे भरून येतात मग राहतं, आज ठरवूनच बसलेय, जसं सुचेल तसं लिहिणार.

तुला आठवावं म्हणून सांगते, मी ती बावन्न वर्षांची चष्मेवाली बाई जिला दोन मुलांनी बखोटीला धरून तुमच्या टेन्टमधे आणलं होतं, त्या जमैकाच्या गायकाचा कार्यक्रम सुरू व्हायला जेमतेम दहा मिनिटं असताना. चक्कर आली होती. येणारच ना, दुपारपासून उन्हात रांगेत उभी, सकाळी बीपीची गोळी घेतलेली, पोटात धड काही नाही, आणि गेटवर एका महाशयांनी माझी पाण्याची बाटली काढून घेतली कारण तिचं सील फोडलेलं होतं. अहो पाणी प्यायला सील फोडावंच लागतं. आत गेल्यावर मदत कक्षात जाऊन विचारलं की बसायला एखादी खुर्ची मिळेल का, तर तिथली मुलगी मान वर न करता म्हणाली खुर्च्या स्पेशल पासवाल्यांना. मी म्हटलं बरं, उभी राहीन, तीस पस्तीस वर्षं थांबलेय तर अजून दोन तास काय.

हो, तीस पस्तीस वर्षं. हे तुला तेव्हा सांगायला वेळ नव्हता म्हणून आता सांगते.

आमच्या घरात रेगे, म्हणजे बॉब मार्लेचं ते जमैकातलं संगीत, आलं ते मोठ्या भावामुळे. त्याच्याकडे बॉब मार्लेच्या कॅसेटी होत्या, त्या सगळ्यांकडेच असतात, त्यात विशेष काही नाही. पण त्यात एक कॅसेट होती कोणाकडून तरी उतरवून घेतलेली, वर पेनने काहीतरी लिहिलेलं पण पुसून गेलेलं. त्या कॅसेटमधे गाणारा माणूसच नव्हता. ड्रम होते, बेस म्हणजे ती खालच्या सुरातली गिटार होती, मधेच ट्रम्पेट वगैरे यायचं आणि घुमत घुमत निघून जायचं, आणि कधीतरी एखादा शब्द, अर्धाच, विहिरीत दगड पडावा तसा आत जाऊन नाहीसा व्हायचा. भाऊ म्हणाला कॅसेट खराब झालीये, टाकून दे. मी टाकली नाही. तीन चार वर्षं मी ती खराब झालेली कॅसेट ऐकत होते, अभ्यास करताना, झोपताना, आणि मनातल्या मनात त्या न गाणाऱ्या माणसाचा आवाज कसा असेल याची कल्पना करत होते.

मग खूप नंतर कळलं की कॅसेट ठणठणीत होती. तो 'गार्वीज् घोस्ट', म्हणजे गार्वीचं भूत, नावाचा 1976 चा रेकॉर्ड होता आणि त्यातून आवाज मुद्दाम काढून टाकलेला होता. याला डब म्हणतात. जमैकात गाणं तयार झालं की इंजिनियर तेच टेप परत घेऊन बसतो, आवाज खाली, बेस वर, मधेच ड्रमवर एको, म्हणजे प्रतिध्वनी, सोडायचा, मिक्सरची बटणं हेच त्याचं वाद्य. आणि ज्याचा आवाज काढलेला होता तो माणूस बर्निंग स्पिअर, खरं नाव विन्स्टन रॉडनी, आणि ज्या रेकॉर्डचं ते भूत होतं तो मूळ रेकॉर्ड 1975 चा 'मार्कस गार्वी'. तो हातात पडला तेव्हा मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. माझ्या कल्पनेतल्या आवाजाशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. फार जुना वाटणारा आवाज, गातोय की काहीतरी म्हणतोय, गाऱ्हाणं घालतोय, तेच वाक्य पुन्हा पुन्हा, घासून घासून, जोवर समोरचा हो म्हणत नाही तोवर. मी त्या दिवसापासून त्याचीच.

लोकांना वाटतं रेगे म्हणजे समुद्रकिनारा, झोपाळा आणि धूर. स्पिअर ऐकला तर तो गैरसमज पाच मिनिटांत जातो. हा माणूस मूळ जमैकातल्या सेंट अ‍ॅन्स बे गावचा. मार्कस गार्वी पण तिथलाच, 1887 चा जन्म. काळ्या लोकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून ज्याने जगभर संघटना उभी केली, स्वतःची जहाज कंपनी काढली, आणि जो 1940 मधे लंडनमधे मायदेशापासून लांब वारला तो गार्वी. त्याच गावात वाढलेला एक पोरगा मोठा होऊन सगळ्यांना विचारत फिरतो की गार्वी काय म्हणाला होता ते आठवतं का. आणि गंमत म्हणजे मार्ले पण सेंट अ‍ॅन परगण्यातलाच. 1969 च्या सुमारास स्पिअर त्याला तिकडच्या डोंगरात भेटला, गाणं करायचंय म्हणाला, आणि मार्लेने त्याला किंग्स्टनच्या स्टुडिओ वनचा रस्ता दाखवला. बास, एवढंच. 'तिकडे जा' म्हणाला. मला ही गोष्ट पूर्वीपासून आवडायची पण आता जास्त आवडते, कारण ताई, आयुष्यात कोणी कोणासाठी डोंगर उचलत नाही, कोणीतरी हात करून रस्ता दाखवतं तेवढंच असतं.

असो. विषय कुठे गेला. तर असा माणूस. वय ऐंशीच्या घरातलं. 'मार्कस गार्वी' रेकॉर्डवर बेस वाजवणारे रॉबी शेक्सपिअर आणि अ‍ॅस्टन बॅरेट, दोघेही गेले, एक 2021 ला, एक 2024 ला. प्रत्येक बातमी आली की माझ्या पोटात गोळा यायचा की आपला माणूस बघायचा राहून जाणार. मधे एकदा तिकीट काढलं होतं दुसऱ्या एका ठिकाणी, तर तो कार्यक्रम आयोजकांनी दोन दिवस आधी रद्द केला आणि पैशांसाठी मी त्यांना मेल पाठवत बसले आणि ते मला 'आपला दिवस शुभ जावो' असं उत्तर पाठवत बसले. पैसे आजतागायत नाहीत. दिवस मात्र शुभ.

म्हणून यावेळी मी कोणालाच सांगितलं नव्हतं. एकटी आले. रांगेत एका मुलाने विचारलं, काकू मुलाला सोडायला आलात का. म्हटलं नाही रे बाबा, तूच चुकून आलायस.

आता चक्कर. मी बॅरिकेडच्या अगदी जवळ होते, दोन ओळी सोडून, आणि एकदम कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, समोरचं सगळं पिवळं, आणि मग मी खाली. मला सगळं ऐकू येत होतं गं. वरून कोणीतरी म्हणालं 'जास्त झाली वाटतं'. दुसरा हसला. एकाने फोन काढून व्हिडिओ घेतला, त्याच्या फोनचा दिवा माझ्या डोळ्यावर होता. गार्डने विचारलं काय घेतलंय. मी म्हटलं बीपीची गोळी. तो म्हणाला अजून काय. टेन्टमधे आणल्यावर तिथल्या त्या टक्कल असलेल्या गृहस्थांनी विचारलं काय ओढलंय. परत पाच मिनिटांनी विचारलं, खरं सांगा, आम्ही कोणाला सांगणार नाही, काय ओढलंय. रेगे ऐकायला आलेली बाई पडली म्हणजे काहीतरी ओढूनच पडली, उन्हाने पडूच शकत नाही. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेली बाई मी. पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. पाय उशीवर ठेवलेले, हाताला बीपीचा पट्टा, आणि तेवढ्यात बाहेर सुरू झालं.

तिथे मला रडू फुटलं.

कारण टेन्टमधे काय ऐकू येत होतं माहितीये का तुला? तू रोज तिथे असतेस म्हणून तुला जाणवलं नसेल. जाड ताडपत्री, मैदानाचं पार टोक, बाजूला जनरेटर. बारीक आवाज अशा ठिकाणी पोचत नाहीत, ते टॉर्चच्या उजेडासारखे सरळ जातात, मधे काही आलं की संपले. बेस मात्र पाण्यासारखा, कुठूनही वळसा घालून आत शिरतो. तर माझ्या कॉटपर्यंत फक्त बेस येत होता आणि ड्रमचा तो ठोका, रेगेत पहिल्या मात्रेला ड्रमर गप्प असतो आणि तिसरीवर एकदम मारतो ना, तो ठोका कॉटच्या लोखंडी पायांतून माझ्या पाठीत येत होता. आणि आवाज नाही. गाणारा माणूस नाही. म्हणजे इतकी वर्षं थांबून, एवढा प्रवास करून, रांगेत दिवस काढून मी परत त्याच खराब कॅसेटपाशी येऊन पडले होते. तो तिकडे दोनशे पावलांवर खराखुरा गातोय आणि मला त्याचं भूत ऐकू येतंय. ते टकले गृहस्थ म्हणाले, रडू नका, आता अ‍ॅम्ब्युलन्सने स्टँडवर सोडतो.

आणि मग तू आलीस. हातात ओआरएसचं पाणी. मला वाटलं ही पण विचारणार काय ओढलंय. तू खाली वाकलीस आणि विचारलंस, "कुठलं गाणं चुकेल म्हणून रडताय?"

ताई, तुला खरंच कल्पना नाही या वाक्याने काय झालं. मला त्या दिवशी दहा जणांनी दहा प्रश्न विचारले, तिकीट कुठंय, बाटलीत काय आहे, पास आहे का, काय घेतलंय, एकटीच आलात का, आणि यातला एकही प्रश्न मला विचारलेला नव्हता, तो त्यांनी त्यांच्या कागदाला विचारलेला होता. तुझा मला होता. मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही, बहुतेक म्हटलं की सगळीच, मग म्हटलं की आवाज येत नाहीये, नुसता बेस येतोय. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती अहो येतोय की एवढा मोठा आवाज. तू क्षणभर गप्प राहून ऐकलंस. खरंच कान देऊन ऐकलंस, मान तिरकी करून. आणि म्हणालीस, "हो की."

मग तू स्टेजच्या बाजूचा पडदा वर केलास. तो खाली पडला. परत केलास, परत पडला. त्याला बांधायच्या दोऱ्या कधीच तुटलेल्या होत्या. तू इकडे तिकडे बघितलंस, बँडेजचा रोल उचललास, परत ठेवलास, आणि मग एका पायावर उड्या मारत तू बुटाची लेस काढायला लागलीस. मी कॉटवर आडवी, हाताला पट्टा, आणि माझ्यासमोर एक मुलगी एका पायावर नाचत बुटातून लेस ओढून काढतेय, मला रडता रडता हसू आलं. त्या लेसने तू ताडपत्रीची गुंडाळी वरच्या पाइपला बांधलीस, करकचून, आणि माझी कॉट दोन्ही हातांनी धरून फिरवलीस, डोकं होतं तिकडे पाय आणि पाय होते तिकडे डोकं.

आणि आवाज आत आला.

आधी गिटारचं ते चक् चक्, ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजतं ते. मग ट्रम्पेट ट्रॉम्बोन एकदम. आणि मग तो. फळीएवढी उभी पट्टी दिसत होती मला स्टेजची, त्यात मधेच लोकांची डोकी, एक झेंडा सारखा आडवा येत होता, पण दिसला. पांढरी दाढी, पुढे कॉंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, तो एका हाताने कॉंगावर थाप मारत होता आणि 'स्लेव्हरी डेज' सुरू होतं. या गाण्यात तो एकच प्रश्न विचारतो, गुलामीचे दिवस आठवतात का, आणि विचारतच राहतो, उत्तराची वाट न बघता आणि तरी वाट बघतच. आवाज आता बारीक झालाय त्याचा, पूर्वीसारखा जोर नाही, काही ठिकाणी ओळ अर्ध्यावर सोडून देतो आणि लोक पुरी करतात. पण तो आवाज होता. कॅसेटमधला काढून टाकलेला आवाज, आज कोणीतरी परत त्याच्या जागी ठेवला, आणि त्यासाठी कुठला मिक्सर नाही की इंजिनियर नाही, एक लेस.

मी पुढचा दीड तास तिथूनच बघितलं. मला विचारशील तर पहिल्या रांगेपेक्षा चांगलं. झोपून, पाय उशीवर, मधूनमधून तू येऊन बीपी बघून जायचीस आणि जाताना तुझा तो बिनलेसचा बूट फटक् फटक् वाजायचा, आणि शपथेवर सांगते, एकदा तो बरोब्बर तिसऱ्या मात्रेवर वाजला.

ते टकले गृहस्थ मधे येऊन म्हणाले की पडदा खाली पाहिजे, नियम आहे, पेशंटची प्रायव्हसी. तू म्हणालीस, "पेशंटलाच विचारा." त्यांनी विचारलं नाही आणि पडदाही सोडला नाही, गाठ सुटली नसणार. त्यांच्यावर माझा राग नाही हं फारसा. थकले असतील, दिवसभर खरोखरचे ओढलेले लोकही आले असतील. पण मला एक कळत नाही, नियम पाळणारी माणसं नेहमी माणसाच्या कपाळाकडे बघून का बोलतात, डोळ्यांकडे का नाही? चांगुलपणा म्हणून जे काय म्हणतात ना तो मला वाटतं फार मोठा नसतोच. समोरचा माणूस कुठे बघतोय तिकडे आपण एकदा बघायचं. मी पडद्याकडे बघत होते. तू पण पडद्याकडे बघितलंस. बाकीच्यांनी यंत्राच्या आकड्याकडे बघितलं, आणि आकडा तर बरोबरच होता, नव्वदवर साठ का काय, म्हणजे त्यांचं काम त्यांनी चोख केलं. पाणी दिलं, पाय वर ठेवले, सगळं पुस्तकात असतं तसं. तुझं पुस्तकात नव्हतं.

घरी सांगितलं तर भावाला पहिलं काय सुचलं, म्हणाला म्हणजे तू पैसे भरून तंबूत झोपून आलीस. हो रे बाबा, झोपून आले. त्याला म्हटलं तुझी ती कॅसेट खराब नव्हती, आधी माफी माग.

शेवटच्या गाण्याला मी उठून बसले. तू म्हणालीस सावकाश, आणि माझ्या पाठीला हात लावून उभी राहिलीस, दोन मिनिटं असशील, जास्त नाही, कारण बाहेरून कोणाला तरी आणलं, पाय मुरगळलेला मुलगा, आणि तू फटक् फटक् करत गेलीस ती गेलीसच. नंतर त्या मुलाबरोबर गाडीतून गेलीस असं कळलं. मी थांबले होते. लोक पांगले, स्टेजवरचे दिवे पिवळे झाले, टेन्ट उतरवायला माणसं आली आणि एकाने ताडपत्री ओढायला सुरुवात केली तेव्हा मी ओरडले, थांबा, ती लेस तिची आहे. ती सोडवायला मला दहा मिनिटं लागली आणि दोन नखं तुटली. काय गाठ मारतेस गं बाई.

तर लेस माझ्याकडे आहे. काळी, एका टोकाचं प्लास्टिक निघालेलं, मधे ताडपत्रीचा निळा रंग लागलाय. धुतलेली नाही. कुठल्या पायाची होती ते मी कितीही आठवलं तरी आठवत नाही, पण तुला आठवत असेल. कळव, आणून देते.